तीन खुंट आणि घर

आमच्या कॉलेजात दोन खोल्या होत्या, एक लाकडी जिना होता आणि बेसबॉलचा संघ होता. हे सांगितलं की माझी मुलं एकमेकांकडे बघतात. धाकटा म्हणतो, "डॅड, यू मीन क्रिकेट." थोरला त्याला गप्प करतो, "लेट हिम टेल इट, यार." मी बेसबॉलच म्हणतोय. क्रिकेट आम्हाला आधीच येत होतं, आणि आमचा बराचसा घोळ त्यामुळेच झाला.

गोष्ट साठच्या दशकातली. अमिराती अजून एक व्हायच्या होत्या. दुबई म्हणजे खाडीचे दोन काठ, त्यांच्यामध्ये माणसं वाहणारे अब्रे, म्हणजे लहान होड्या, आणि नुकताच झालेला पूल. एका काठावरच्या देराच्या बाजारात दोरखंड आणि शिडाचं कापड विकणारं एक दुकान होतं. त्याच्या माळ्यावर आमचं कॉलेज भरायचं. दिवसभर दुकानांत, गोदामांत, लाँचवर राबलेली माणसं संध्याकाळी तिथे इंग्रजी, टायपिंग आणि जमाखर्च शिकायला येत. जिन्यात सदा काथ्याचा आणि डांबराचा वास असे. अजूनही कुठे काथ्याचा वास आला की मला फळा पुसायची आठवण होते.

कॉलेज काढलं होतं एका निवृत्त हेडमास्तरांनी. ते कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले. मुलाकडे राहायला म्हणून दुबईला आले आणि रिकामं बसवेना म्हणून त्यांनी फळा टांगला. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, तोही त्या उकाड्यात. रंगाऱ्याने पाटीवर 'क्लास' असं रंगवून आणलं होतं, ते त्यांनी खोडून 'कॉलेज' लिहायला लावलं. रंगारी म्हणाला, "मास्तर, दोन खोल्यांचं कसलं कॉलेज?" प्रिन्सिपल सर म्हणाले, "तू रंगव. खोल्या मी बघतो."

मी तिथे इंग्रजी शिकवायचो. माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, बंदराचं. वडील मचव्यावर खलाशी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतसुद्धा गेलं नव्हतं. शाळेतल्या मराठीच्या मास्तरांनी वडिलांना भर बंदरावर गाठून सांगितलं होतं, "याला मचव्यावर नेऊ नका, हा वाचतो." एवढ्या एका वाक्यावर मी बी.ए. झालो. निकाल लागला त्या दिवशी आईने मोहल्ल्यात घरोघरी साखर वाटली, आणि मग मला स्टीमरने चाचांकडे दुबईला पाठवलं, कारण गावात बी.ए. झालेल्या माणसाला काय काम द्यायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. चाचांनी मला कापड मोजायला बसवलं. एकदा प्रिन्सिपल सर फळा पुसायचं फडकं घ्यायला दुकानात आले. मी त्यांच्याशी शाळेतल्यासारखा उभा राहून बोललो. ते म्हणाले, "किती शिकलास?" मी सांगितलं. त्यांनी फडकं घेतलं आणि मलाही नेलं.

संघ सुरू झाला तो एका अमेरिकन साहेबामुळे. समुद्रात तेल शोधणाऱ्या एका कंपनीचं सामान खाडीकाठच्या गोदामात उतरायचं, त्या गोदामाचा हा प्रमुख. इतका उंच की आमच्या माळ्यावर आल्या आल्या त्याचं डोकं तुळईला लागलं. आम्ही त्याला उंच साहेब म्हणायला लागलो. त्याच्या दोन कारकुनांना टायपिंग शिकवायचं होतं. ते ठरल्यावर तो सहज म्हणाला, "तुमचं कॉलेज खेळतं काय?"

सरांना प्रश्न समजला, पण पटला नाही. "आमचे विद्यार्थी दिवसा काम करतात," ते म्हणाले.

साहेब म्हणाला, त्याच्या गावीही असंच लहानसं कॉलेज होतं, भोवती नुसती मक्याची शेतं. तिथे कॉलेज आहे हे लोकांना कळलं ते संघ जिंकायला लागल्यावर.  तो गेल्यावर सर बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या गाडीतून एक कॅनव्हासची पिशवी आली. तिच्यात लाकडी दांडके, चेंडू, चामड्याचे मोठाले हातमोजे आणि नियमांचं एक पातळ पुस्तक. सरांनी डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचलं आणि फळ्यावर मराठीत मांडलं. चार कोपऱ्यांचं मैदान. एका कोपऱ्यात घर. तिथे उभं राहून मारायचं, उरलेल्या तीन कोपऱ्यांना शिवून परत घरी यायचं, म्हणजे एक धाव. त्या तीन कोपऱ्यांना काय म्हणायचं यावर वर्गात चर्चा झाली आणि शेवटी खुंट हा शब्द ठरला. पहिला खुंट, दुसरा खुंट, तिसरा खुंट आणि घर. चेंडू फेकणारा तो बोलर, त्याचा चेंडू अडवणारा तो कीपर. शेवटपर्यंत आमच्यात हीच नावं चालली.

देराच्या पलीकडे, विमानतळाच्या बाजूला, खारट जमिनीचं सपाट मैदान होतं. तिथे वाळू भरलेली गोणपाटं खुंट म्हणून टाकली. खालच्या दुकानदाराने एक जुनं मासेमारीचं जाळं दिलं, ते कीपरच्या मागे बांबूंवर ताणलं.

पहिल्या दिवशी आम्ही हातमोजे उजव्या हातात घातले. चेंडू झेलायचा तर चांगल्या हाताने, हे उघड होतं. अंगठा भलत्याच बाजूला येत होता, पण अमेरिकन लोकांचे हात तसे असतील म्हणून कोणी तक्रार केली नाही. झेललेला चेंडू मग डाव्या हाताने फेकायचा, तो जाळ्याच्याही पलीकडे जायचा. शिवाय चेंडू मारला की प्रत्येक जण दांडका हातात घेऊनच पळायचा, खुंटापाशी पोचला की दांडका टेकवायचा आणि पंचाकडे बघायचा. उंच साहेब ओरडायचा, "ड्रॉप इट! ड्रॉप इट!" पण लहानपणापासून क्रिकेट खेळलेल्या माणसाच्या हातून धावताना बॅट सुटत नाही. आमचा कीपर बाजारात मसाल्याच्या दुकानावर होता. तो म्हणायचा, "यांचा माल यांनी विश्वासाने दिलाय, तो असा मातीत कसा टाकायचा?"

सामने शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर. चार संघ होते. कंपनीचा, शारजाच्या छावणीतल्या ब्रिटिश सैनिकांचा, रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराच्या माणसांचा आणि आमचा. साहेबाने बाजारातून पितळेचा दल्ला, म्हणजे कॉफीची लांब चोचीची किटली आणली आणि तोच कप म्हणून जाहीर केला. पहिल्या हंगामात आम्ही सगळ्यांकडून हरलो. मैदानात कधी कधी एक उंट येऊन बसायचा, त्याच्या मालकाला उठवायला सांगायची कोणाची हिंमत नव्हती. चेंडू उंटाला लागला तर दोन खुंट फुकट, असा नियम करावा लागला. दूरच्या बाजूला उभा राहणारा फिल्डर मी. त्या हंगामात माझ्याकडे चेंडूपेक्षा उंटच जास्त वेळा आला.

पण दुसऱ्या हंगामात आमच्या पोरांना एक गोष्ट सापडली. खुंटाशी पोचताना बाद होण्याची भीती असते, म्हणून अमेरिकन खेळाडू पाय पुढे टाकून घसरत जात. आमच्यातले निम्मे कबड्डी खेळून मोठे झालेले. चार जणांनी धरलेलं असताना लांब होऊन मधल्या रेषेला बोट लावायचं, हे त्यांच्या अंगातच होतं. ते खुंटावर आडवे झेपावायचे, फिल्डरच्या हाताखालून वळून नुसतं बोटाचं टोक गोणपाटाला लावायचे. दोन खुंटांच्या मधे सापडले तर आट्यापाट्यांसारखी हूल द्यायचे. एक जण तर पळताना तोंडाने "कबड्डी, कबड्डी" म्हणायचा. पंच असलेल्या गोऱ्या सार्जंटने विचारलं, हा काय म्हणतो? सर गंभीरपणे म्हणाले, "प्रार्थना."

त्या वर्षी आम्ही दुसरे आलो. त्याच्या पुढच्या वर्षी दल्ला आमच्या माळ्यावर आला, आणि त्याच्या पुढच्याही. सर त्यात खडू ठेवायचे. बाजारात लोक आम्हाला ओळखू लागले. बँकेत, एजन्सीत, कंपनीच्या ऑफिसात आमची मुलं कामासाठी गेली की समोरचा विचारायचा, "तुम्ही त्या कॉलेजचे ना?" उंच साहेबाचं म्हणणं खरं झालं होतं. शारजाहून, तिथल्या रोल्ला चौकातल्या वडाजवळच्या दुकानांतून, मुलं आमच्याकडे शिकायला येऊ लागली. माळ्यावर बसायला जागा उरली नाही, तेव्हा काही जण जिन्याच्या पायऱ्यांवर बसून इंग्रजीचे पाठ घेत.

हे सगळं ज्याच्या हातावर उभं होतं तो आमचा बोलर. तो माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, राजापूरच्या बाजूचा, चौथीपर्यंत शिकलेला. तो माझा विद्यार्थी आणि मी त्याला भाई म्हणायचो. सगळे त्याला बोलरभाई म्हणत. आधी तो लाँचवर खलाशी होता. लाँच धक्क्याला लागताना टोकाला गाठ मारलेला दोर लांबून धक्क्यावर फेकावा लागतो, तसा दोर त्याने वर्षानुवर्षं फेकला होता. बेसबॉलचा चेंडू तो तसाच फेकायचा, कमरेतून वळून, सगळं अंग मागे नेऊन. दांडका धरलेल्या माणसाला चेंडू दिसायचा तो थेट कीपरच्या हातात गेल्यावर.

आता तो खाडीवर माल उतरवणाऱ्या टोळीत होता. साखरेची, तांदळाची पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढायचं आणि उतरायचं. गावी बायको आणि एक मुलगी. उंच साहेबाच्या गोदामात माल मोजून इंग्रजीत टिपून घेणाऱ्या माणसाची जागा निघणार होती आणि बोलरभाईला ती हवी होती. रोज वर्ग सुटल्यावर तो मागे थांबायचा. मी वस्तूंची नावं सांगायचो, तो फळ्यावर लिहायचा. पाइप, व्हॉल्व्ह, चेन, ड्रम.

"सर, व्हॉल्व्हच्या शेवटी हे ई कशाला? त्याच्याशिवाय भागत नाही?"

"भाई, ते मला विचारू नका. इंग्रजांना विचारा."

"त्यांना शुक्रवारी विचारतो. बॉल टाकायच्या आधी."

दल्ला सलग तिसऱ्यांदा राखायचा होता त्या हंगामात त्याचा खांदा दुखायला लागला. आधी तो बोलला नाही. मग माझ्या लक्षात आलं की फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना तो डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरतो. पाठीवर पोतं घेताना हात वर न्यावा लागतो. हात गेला तर काम गेलं. गोदामातली जागा मिळाली तर हाताचं एवढं अडणार नव्हतं, पण साहेबाने मुलाखत ईदनंतर ठेवली होती आणि रमजान नुकता लागला होता. मी म्हटलं, "भाई, मुलाखतीपर्यंत खेळू नका."

तो म्हणाला, "सर, साहेब मला ओळखतो तो कशामुळे? माझ्या स्पेलिंगमुळे?"

मी पुढचा शब्द सांगितला.

हंगामाचा शेवटचा सामना कंपनीशी, दल्ल्यासाठी. रमजानमुळे आमचे सगळे रोज्याचे. हिवाळ्याचे दिवस, ऊन सौम्य, वारा खाडीकडचा. मैदानाच्या कडेला निम्मं देरा जमलं होतं. चाचा दुकान बंद करून आले होते. बोलरभाईचा मुकादमही आला होता, तोही राजापूरकडचाच, टोळीतले सगळे त्याला मामू म्हणत. तो चाचांना विचारत होता, "हा खेळ नेमका संपतो कधी?" चाचा म्हणाले, "मलाही हाच प्रश्न आहे. माझा पुतण्या बी.ए. झाला आणि उंटाशेजारी उभा राहतो, एवढंच मला समजतं."

नऊ डाव झाले तेव्हा दोन्हीकडच्या धावा सारख्या होत्या. बोलरभाईने सगळे डाव एकट्याने टाकले होते. शेवटच्या चेंडूनंतर त्याने हात अंगाशी धरला आणि बसला. सूर्य जमिनीला टेकत होता. आमच्या मनात शंकाच नव्हती. दिवस संपला, धावा सारख्या, म्हणजे सामना अनिर्णित. क्रिकेटमधे तसंच असतं. आम्ही कंपनीच्या खेळाडूंशी एकेक करून हात मिळवले, "वेल प्लेड" म्हटलं आणि मैदानाच्या कडेला चटया अंथरल्या होत्या तिकडे चालू लागलो. खजूर, पाणी, चाचांनी आणलेली भजी. बांग झाली. आम्ही रोजा सोडला.

तेवढ्यात सार्जंट घड्याळ हातात घेऊन आला. म्हणाला, या खेळात बरोबरी नसते. कोणीतरी जिंकेपर्यंत पुढचे डाव खेळायचे. तुम्ही मैदान सोडलंत, म्हणजे तुम्ही हरलात.

सर हातात खजूर धरून तसेच राहिले. नियमांचं पुस्तक त्यांनीच मराठीत मांडलं होतं, पण इतक्या वर्षांत कधी बरोबरी झाली नव्हती, त्यामुळे फळ्यावर ते आलंच नव्हतं.  कीपर पुटपुटला, "संध्याकाळ झाली तरी संपत नाही, हा खेळ आहे का गुन्हा?"

मागून उंच साहेब आला. कंपनीचा कप्तान तोच. त्याने सार्जंटला काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग तो चटईवर बसला, त्याचे पाय चटईबाहेर कितीतरी लांब आले. चाचांनी त्याच्यासमोर भजी सरकवली. त्याने खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी एक घेतली. म्हणाला, पुढच्या शुक्रवारी इथूनच पुढे खेळू. याच धावांपासून, दहाव्या डावापासून.

"इन्शाल्ला," सर म्हणाले. खजूर मग तोंडात घातला.

त्या आठवड्यात बोलरभाईचा खांदा सुजला. दोन दिवस त्याला पोतं उचलता आलं नाही. मुकादमाने त्याला दोरखंड गुंडाळायचं हलकं काम दिलं, पण तोंडावर सांगितलं, "तू माझ्या गावचा म्हणून आज बसवलं. पुढच्या शुक्रवारी परत हात तोडून आलास तर खलास. टोळीत दुसरा घेईन. माझ्यापाशी पोती आहेत बाबा, कप नाही."

हे मला मुकादमानेच कॉलेजच्या जिन्यात येऊन सांगितलं. "तुम्ही मास्तर लोक आहात, तुमचं ऐकेल," म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी सगळा संघ माळ्यावर जमला. बोलरभाई आधीच ठरवून आला होता. "एकच डाव आहे," तो म्हणाला. "फार तर दोन. एवढं तर मी पट्टी बांधून टाकीन."

कीपर म्हणाला, "आणि नंतर जेवशील कोणत्या हाताने?"

"तू भरवशील."

पोरं हसली. मला मात्र हसू आलं नाही. खरं सांगायचं तर त्याने टाकावं असं मलाही वाटत होतं. सगळ्यांनाच वाटत होतं. दल्ला टेबलावर होता, त्यातून खडू डोकावत होते. सलग तिसऱ्या वर्षी तो आमच्याकडे राहिला असता. कॉलेजला देराच्या मागे मोठी जागा मिळण्याचं बोलणं चाललं होतं, आणि जागेचा मालक शुक्रवारी सामना बघायला येणार होता. हे सर्वात जास्त ज्यांना हवं होतं ते टेबलामागे टोपी काढून बसले होते. मी त्यांना टोपीशिवाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"इकडे ये," ते बोलरभाईला म्हणाले. "हात वर कर."

त्याने हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबला.

"तू उद्या टाकणार नाहीस."

"सर, मग आपण हरू."

"हरू."

"आणि साहेब म्हणेल, गडी ऐन वेळी पळाला. गोदामातली जागा—"

"तो हात कॉलेजचा नाही," सर म्हणाले. "तुझ्या घरचा आहे. तुझ्या बायकोने तो पोट भरायला इकडे पाठवलाय. माझे खडू ठेवायला मी दुसरं भांडं बघेन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या बोलिंग तुम्ही करायची."

मी म्हटलं, "सर, मी उंटाजवळ उभा राहतो."

"मग उद्या थोडे पुढे या."

बोलरभाई जिन्याकडे गेला. मला वाटलं रागावला. खाली गेलो तर तो दोरखंडाच्या दुकानाच्या फळीवर बसला होता. तो म्हणाला, "सर, उद्या मी घरी बसलो आणि ईदनंतर साहेबाने दुसऱ्याला घेतलं, तर मी पोरीला काय सांगू? बापाचा हात ठीक आहे, काम मात्र पाठीवरच आहे?" मी त्याच्या शेजारी बसलो.  मी विचारलं, "व्हॉल्व्ह?" त्याने स्पेलिंग सांगितलं. मी विचारलं, "शॅकल?" तेही सांगितलं. आम्ही तसेच बराच वेळ बसलो, मी विचारत राहिलो आणि तो सांगत राहिला.

शुक्रवारी मी बोलिंग केली. जागेचा मालक आला होता, मुकादम आला होता, उंट आला नव्हता. बोलरभाई शर्टाची बाही खाली ओढून जाळ्यामागे उभा होता. माझे चेंडू घरापर्यंत पोचत होते, याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही. दहाव्या डावात आम्ही वाचलो, कारण कीपरने एक अशक्य झेल घेतला. अकराव्यात उंच साहेब स्वतः दांडका घेऊन उभा राहिला. त्याने माझा चेंडू मारला तो विमानतळाच्या दिशेने गेला. आमची दोन पोरं तरीही त्याच्यामागे धावत गेली. साहेब सावकाश तिन्ही खुंटांना शिवत घरी आला. मग आमची पाळी आली. आमच्याकडून एक जण तिसऱ्या खुंटापर्यंत झेपावत, कबड्डी म्हणत पोचला, पण घरी कोणी आलं नाही.

सरांनी दल्ल्यातले खडू काढून, तो धुऊन आणला होता. त्यांनी तो साहेबाच्या हातात दिला. साहेब त्यांच्याशी हात मिळवताना जाळ्याकडे बघत होता, जिथे बोलरभाई उभा होता. त्याने काहीच विचारलं नाही आणि त्यामुळे बोलरभाईचा चेहरा आणखी उतरला.

ईद झाली. मुलाखतीच्या दिवशी सकाळी तो माझा पांढरा शर्ट मागून घेऊन गेला. दुपारी मी वर्गात उत्तरं तपासत होतो, माझं सगळं लक्ष जिन्याकडे होतं. सरही कारण नसताना फळा पुसत होते. शेवटी तो आला. काठी टेकल्यासारखी एकेक पायरी वाजत होती.

"बस," सर म्हणाले. "काय झालं ते सांग."

"साहेबाने गोदामात फिरवलं," तो म्हणाला. "हे काय, ते काय. मी सांगितलं, लिहून दाखवलं. व्हॉल्व्ह विचारलं." इथे त्याने माझ्याकडे बघितलं. "मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, आता एक गोष्ट विचारतो. त्या शुक्रवारी तू बोलिंग का केली नाहीस?"

"मग?"

"मला वाटलं, झालं. संपलं. मराठीत असतं तर मी खूप बोललो असतो, सर. इंग्रजीत जेवढं होतं तेवढं सांगितलं. म्हटलं, सर, हॅण्ड इज फॉर वर्क. बॉल इज फॉर फ्रायडे."

सरांनी फडकं खाली ठेवलं. "व्याकरण ठीक आहे," ते म्हणाले. "मग तो काय म्हणाला?"

"तो म्हणाला, शनिवारी ये."

शनिवारी म्हणजे कामावर. हे आम्हाला समजायला एक क्षण लागला, त्याला तर रस्ताभर चालून समजलं होतं. सर उठले, टोपी घातली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, पहिल्या दिवशी उभे होते तसे. मी उत्तरपत्रिकांवर लाल पेन्सिल धरून बसलो. पुढच्या दोन-तीन जणांना त्या दिवशी जरा जास्तच मार्क मिळाले असतील.

मोठी जागा आम्हाला मिळाली. मालक म्हणाला होता की खेळ काही कळला नाही, पण म्हाताऱ्याने किटली धुऊन परत दिली ते बघितलं. त्या जागेत चार खोल्या होत्या. संघ पुढेही चालला, आम्ही दल्ला परत आणला, पुन्हा घालवला, पुन्हा आणला. नवा बोलर फुजैराहून आला होता, तिथल्या समुद्रावर वाढलेला. बोलरभाई पहिल्या खुंटावर उभा राहायला लागला, तिथे फक्त झेलायचं असतं.

काही काळाने मी पहिल्यांदा सुट्टीवर गावी निघालो. स्टीमर तेव्हा खाडीत येत नसे, बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि लाँचमधून तिथपर्यंत जावं लागायचं. मला पोचवायला बोलरभाई लाँचमधे बसला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुलीसाठी त्याने माझ्याकडे एक पाटी आणि रंगीत खडूंचा डबा दिला होता.

समुद्र खवळलेला होता. लाँच स्टीमरजवळ आली, पण लाटेने मागे जात होती. खलाशाने वर दोर फेकला, तो पडला पाण्यात. पुन्हा फेकला, पुन्हा पाण्यात. बोलरभाई बसल्या जागेवरून बघत होता. मग उठला, खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं, खलाशाच्या हातून दोर घेतला, ओला दोर दोन वेळा गुंडाळला आणि कमरेतून मागे वळला.

दोर वरच्या कठड्यावरून आत गेला. वरच्या माणसाने तो पकडून बांधलासुद्धा.

मी शिडीवर चढलो. अर्ध्यात थांबून खाली ओरडलो, "भाई, हात दुखला का?"

त्याने हात डोक्याच्या वर पूर्ण उचलून हलवला. लाँच सुटत होती. "सर," तो खालून ओरडला, "सुट्टी संपली की वेळेवर या. तुमच्या जागेवर उंटाशिवाय कोणी नाही."

पेन माझ्याच हातात राहिलं होतं.